‘आपल्याकडे’ म्हणजे नक्की कुणाकडे? प्रवासवर्णन लिहू लागणाऱ्यांसाठी

प्रवासाहून परतल्यावर पहिल्या आठवड्यात जे लिहून होतं, त्यात ठिकाणं भरपूर असतात. गाडी किती वाजता सुटली, देऊळ किती उंच, थाळी कितीला, खोलीत गरम पाणी होतं की नव्हतं. ही माहिती उपयोगाची असते, पण ती सांगणारं माणूस कोण आहे, कुठून आलंय, कशाने हरखतंय आणि कशाला बिचकतंय, याचा पत्ता लागत नाही. नव्याने लिहिणाऱ्यांचे खर्डे मी बरीच वर्षं वाचून देते. त्यातले बहुतेक खर्डे भाषेपायी किंवा माहितीपायी अडत नाहीत. लिहिणारा कुठे उभा राहून बघतोय हे त्याने स्वतःशीच ठरवलेलं नसतं, तिथे ते अडतात.

हे कसं ठरवायचं ते पायरीपायरीने सांगते. सगळ्या पायऱ्या सारख्या महत्त्वाच्या नाहीत. तिसरीवर मी सगळ्यात जास्त थांबणार आहे. उदाहरण एकच घेते, माझ्या तंजावरच्या लेखाचं. तंजावर तमिळनाडूत आहे आणि तिथे एकेकाळी मराठी राजे होते. मराठी माणूस तिथे पाहुणा असतो आणि मनातून स्वतःला घरचाही समजत असतो, त्यामुळे निवेदकाचे सगळे गुंते त्या एका लेखात सापडतात.

पहिली पायरी: निघण्याआधी एक पान स्वतःबद्दल

वहीच्या पहिल्या पानावर लिहा: मी कुठली, घरात कोणती बोली, काय खाते आणि काय खात नाही, देवळात मला कुठपर्यंत जाऊ देतात, या प्रवासाचे पैसे कुठून आले, आणि जिथे चालले आहे त्याबद्दल मला आधीच काय काय ‘माहीत’ आहे. हे पान छापायचं नाही. पण लेख लिहिताना ते शेजारी उघडं ठेवायचं.

तंजावरला निघताना माझ्या पानावर शेवटच्या प्रश्नापुढे चार गोष्टी होत्या: मराठ्यांचं राज्य, सरस्वती महाल ग्रंथालय, मोडी कागद, आपली माणसं. चारही आमच्याच. कावेरी त्यात नव्हती, चोळ राजे नव्हते, तमिळ भाषा नव्हती. हे पान लिहिलं नसतं तर मी तिथे काय शोधायला गेले होते ते मला पुढे कधीच कळलं नसतं.

आपण कोण म्हणून चाललोय हे उघड सांगण्याने लेखन छोटं होईल अशी भीती अनेकांना वाटते. त्यांना मी वरसईच्या विष्णुभट गोडशांचं उदाहरण देते. १८५७ साली ते उत्तरेकडे निघाले, ते घरावरचं कर्ज फेडायला. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार आहेत, तिथे दक्षिणा मिळेल, हे त्यांच्या कानावर आलं होतं. वाटेत बंडाळीत सापडले आणि १८५८मध्ये इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा ते झाशीत होते. ‘माझा प्रवास’ या नावाने त्यांची हकीकत १९०७ साली छापून आली. आपण भिक्षुक आहोत, पैसे मिळवायला बाहेर पडलो आहोत, हे ते कुठेही झाकत नाहीत. म्हणून झाशीच्या गल्ल्यांतली कत्तल ते सांगतात तेव्हा ती एका घाबरलेल्या, घरी परतायची आस लागलेल्या भटजींनी पाहिलेली आहे हे आपल्याला ठाऊक असतं, आणि वाक्यावाक्यावर विश्वास बसतो.

दुसरी पायरी: दोन पानांची वही

वही उघडली की डाव्या पानावर दिसलं-ऐकलं ते, उजव्या पानावर वाटलं ते. एवढंच. पण हे रोज संध्याकाळी करायचं, परतल्यावर आठवून नाही.

याचा उपयोग मला असा झाला. मी उतरले होते त्या लॉजवर एक वयस्कर गृहस्थ बसत. सकाळी दहाच्या सुमारास भेटले की विचारायचे, “साप्टींगळा?” एवढं तमिळ मला येत होतं: जेवलात का? डाव्या पानावर मी प्रश्न लिहिला, उजव्या पानावर लिहिलं, ‘किती आगत्याने जेवायला बोलावतात!’ तिसऱ्या दिवशी ते हाच प्रश्न दुधवाल्याला, टपालवाल्याला आणि समोरच्या दुकानदाराला विचारताना ऐकलं. ते ख्यालीखुशाली विचारत होते. आमच्या गावी दिवेलागणीनंतर पारावर बसलेली माणसं येणाऱ्या-जाणाऱ्याला “जेवलास का?” म्हणतात, तसंच. दोन्ही पानं एकत्र लिहिली असती तर लेखात वाक्य आलं असतं की इथले लोक अनोळखी पाहुण्याला रोज जेवायला बोलावतात. ते वाक्य वाचायला गोड वाटलं असतं आणि साफ चुकीचं ठरलं असतं.

तिसरी पायरी: मी, आम्ही, आपण

आता मुख्य गोष्ट. मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. ही सोय फार मोलाची आहे आणि प्रवासवर्णनात ती फार निष्काळजीपणे वापरली जाते. ‘आपल्याकडे’ हा शब्द लिहिला की लिहिणारा एका फटक्यात दोन गोष्टी ठरवून टाकतो: वाचणारा कोण आहे, आणि जिथे गेलो तिथली माणसं त्यात धरायची नाहीत.

हे वाक्य बघा: ‘आपल्याकडे पहिला भात वरण-तुपाचा असतो, इथे सांबाराचा.’ कुणाकडे असतो वरण-तुपाचा भात? रोज भाकरी-कालवण खाणाऱ्या घरात पहिला भात नसतोच. मालवणच्या घरात आमटी माशाची असते. मिरजेतल्या मुसलमान घरात, बेळगावात, बडोद्याला, इंदूरला चार पिढ्या राहिलेल्या मराठी घरात आणखी वेगळं काही असतं. ही सगळी माणसं मराठी वाचतात. ‘आपल्याकडे’ म्हणून लिहिणाऱ्याने त्यांना पंगतीतून उठवलं, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

उपाय सोपा आहे. खर्डा हातात घ्या आणि ‘आपण, आपला, आपल्याकडे’ हे सगळे शब्द पेन्सिलीने गोल करा. प्रत्येक गोलाच्या जागी खरं ठिकाण किंवा खरं माणूस घालून बघा: ‘माझ्या आईच्या हातचं’, ‘आमच्या वाळव्याकडे’, ‘पुण्यात मी राहते त्या सोसायटीत’. बहुतेक ठिकाणी वाक्य लगेच जिवंत होतं, कारण आईच्या हातचं वरण वाचणाऱ्याला दिसतं. ‘आपल्याकडचं’ वरण कुणालाच दिसत नाही. काही ‘आपण’ मात्र ठेवायचे. पावसात भिजल्यावर आपण आधी चहा शोधतो, हा आपण सगळ्यांचा आहे.

माझ्या तंजावरच्या पहिल्या खर्ड्यात बारा परिच्छेद होते आणि एकोणीस गोल झाले. आपले राजे, आपली मोडी, आपला शिलालेख. हा शिलालेख म्हणजे बृहदीश्वराच्या देवळात प्राकाराच्या, म्हणजे आवाराच्या भिंतीच्या, नैऋत्य बाजूला कोरलेलं भोसले घराण्याचं चरित्र, दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३मध्ये कोरून घेतलेलं. माझा परिच्छेद असा होता:

‘तमिळ मुलखात, हजार वर्षांच्या देवळाच्या भिंतीवर आपली मराठी पाहून ऊर भरून आला. दिल्लीत नाही, पुण्यात नाही, पण इथे, इतक्या दूर, आपला इतिहास दगडावर कोरलेला आहे.’

ऊर भरून आला होता हे खरं, आणि ते लेखात राहायलाच हवं. पण नुसत्या त्या उमाळ्यावर परिच्छेद उभा केल्याने दोन गोष्टी दिसेनाशा झाल्या.

पहिली गोष्ट देवळाची. राजराजा चोळाने बांधलेलं हे देऊळ साधारण १०१०च्या सुमारास पुरं झालं. त्याच्या जोत्यावर तमिळ लेखांच्या ओळींमागून ओळी आहेत: दाने, दागिने, दिव्यांचं तूप, नोकरचाकर. एका लेखात देवळाच्या सेवेसाठी ठिकठिकाणच्या देवळांतून आणवलेल्या चारशे नर्तकींची नावं आहेत, कुणाला कुठल्या रांगेतलं घर दिलं त्यासकट. चारशे बायकांची नावं, हजार वर्षांपूर्वीची. त्या भिंतीवरून मी हात फिरवत गेले आणि थांबले नाही, कारण मला ती लिपी येत नव्हती. जे वाचता आलं तिथे मी थांबले आणि त्यालाच त्या जागेचा अर्थ समजले.

दुसरी गोष्ट सरफोजींची. व्यंकोजी राजांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतलं. त्यांच्या घराण्याची वंशावळ या राजाने दगडात कोरून घेतली खरी, पण १७९९च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रज कंपनीकडे गेला होता. राजाच्या हाती उरला होता किल्ला आणि आसपासचा थोडा भाग. म्हणजे १८०३मध्ये घराण्याचा इतिहास भिंतीवर लिहिणारा माणूस राज्य गमावून बसला होता. १८५५मध्ये घराण्याकडे तेही उरलं नाही. हे कळल्यावर शिलालेख मला पूर्वीपेक्षा जास्त जवळचा वाटू लागला, पण तो अभिमानाने नव्हे.

सुधारलेला परिच्छेद असा झाला:

‘जोत्यावर सगळीकडे तमिळ अक्षरं होती. मला ती वाचता येत नव्हती, म्हणून मी पुढे चालत राहिले. मागच्या अंगाला देवनागरी दिसली आणि पाय थबकले. भोसले कुळाची हकीकत. ऊर भरून आला. ज्या राजाने ती कोरून घेतली त्याचा कारभार चारच वर्षांपूर्वी कंपनीने काढून घेतला होता, हे मला संध्याकाळी कळलं. आणि सकाळी ज्या अक्षरांवरून मी हात फिरवला त्यांत चारशे बायकांची नावं होती, हे त्याहून उशिरा.’

यात ‘आपली’ एकदाही नाही. तरी सांगणारी मराठी आहे हे कळायला वाचणाऱ्याला अडचण पडत नाही. तिचे पाय कुठे थबकले तेवढं पुरतं.

चौथी पायरी: तो म्हणाला की ते म्हणाले

ही लहान पायरी आहे, पण इथे फार जण घसरतात. आदराचा ‘ते’ तुम्ही कुणाला दिलात आणि कुणाला नाही, हे खर्ड्यात तपासा. रिक्षावाला ‘म्हणाला’, पुजारी ‘म्हणाले’, परदेशी पर्यटक ‘म्हणाले’, खोली झाडणारी बाई ‘म्हणाली’, ग्रंथालयातल्या बाई ‘म्हणाल्या’. वयं लिहून काढलीत तर दिसेल की रिक्षावाले पुजाऱ्यांहून मोठे होते. क्रियापदाच्या एका मात्रेत तुमच्या मनातली उतरंड उघडी पडते, आणि वाचणाऱ्याला ती दिसते.

मी पाळते तो नियम असा: समोर असताना ज्या रूपात बोलले तेच रूप लेखात. मी रिक्षावाल्यांना “अण्णा, किती होतील?” असं विचारलं होतं. मग घरी येऊन कागदावर ‘तो’ म्हणायचा मला काही हक्क नाही.

पाचवी पायरी: ‘असतात, करतात’ वर नजर ठेवा

‘तिथले लोक भाविक असतात.’ ‘बायका केसात गजरा माळतात.’ ‘पुरुष फार बोलत नाहीत.’ अशी रीतिवर्तमानातली वाक्यं प्रवासवर्णनाला शहाणं दाखवतात. तीन दिवस राहिलेल्या माणसाला ती लिहिता येत नाहीत. भूतकाळात आणा: ‘बसमध्ये माझ्या पुढच्या तिन्ही बाकांवर बायका होत्या आणि तिघींच्याही केसात कनकांबर, म्हणजे अबोली, होतं.’ हे तुम्ही पाहिलंय, यावर कुणी वाद घालणार नाही.

त्याच झाडणीत ‘साधेभोळे’, ‘निरागस’, ‘बिचारे’ आणि ‘अजूनही’ हे शब्दही काढून बघा. विशेषतः आदिवासी पाड्यांवर जाऊन आलेल्यांच्या लेखनात ते शब्द खच्चून भरलेले असतात. ‘अजूनही’ म्हणजे तुमच्या मते एव्हाना हे संपायला हवं होतं.

मी स्वतः हे केलंय. तंजावरमध्ये एका मराठी घरातल्या आजींशी बोलले आणि लिहिलं, ‘त्यांच्या तोंडी तीनशे वर्षांपूर्वीची मराठी जशीच्या तशी गोठून राहिली आहे.’ भाषा गोठत नाही. आजींची मराठी तमिळच्या शेजारात तीनशे वर्षं जगली होती. तिने शब्द घेतले, काही टाकले, हेल बदलला. माझी मराठीही त्या काळात हिंदी आणि इंग्रजीच्या शेजारात बदलली. मी त्यांचे शब्द टिपून घेत होते तेव्हा त्याही माझ्या बोलण्यातले ‘अ‍ॅक्चुअली’ आणि ‘प्रॉब्लेम’ ऐकत होत्या, एकदा सुनेकडे वळून त्यांनी तमिळमध्ये काहीतरी विचारलं आणि सुनेने मला सांगितलं, “त्या विचारतायत, पुण्यात मराठी आता अशी झाली का?” हा प्रश्न मी पहिल्या खर्ड्यात घेतला नव्हता. आता लेखाच्या मधोमध तोच आहे. आपण बघायला गेलो तिथली माणसं आपल्याला काय म्हणून बघत होती, हे मिळालं तर सोडू नका.

त्या घरात मला बसवून कसं घेतलं, हेही मी गाळलं होतं. दारात आधी आडनाव विचारलं गेलं, मग गोत्र. उत्तर त्यांना पटलं, मग पाट मांडला गेला. दुसऱ्या आडनावाच्या माणसाला ते दार त्याच रीतीने उघडलं असतं का, हे मला सांगता येत नाही. पण माझ्यासाठी ते कशामुळे उघडलं हे वाचणाऱ्याला कळायला हवं, म्हणून आता दोन ओळी त्यावर आहेत. त्या लिहिताना मला अवघड वाटलं. तरी लिहा.

सहावी पायरी: तुलना कशाची

तुलनेशिवाय परकी जागा सांगता येत नाही. रसम कधीच न चाखलेल्याला ‘आमसुलाच्या सारासारखं, पण मिरीचा ठसका वर’ असं सांगितलं की जीभ तिथपर्यंत पोचते. ‘रसमला साराची सर नाही’ म्हटलं की फक्त लिहिणारीची आवड कळते. चव, आकार, अंतर, वास यांची तुलना मोकळेपणी करा. बरं-वाईट ठरवणारी तुलना करायचीच असेल तर दोन्ही पारडी उघडी ठेवा.

पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या आणि १८८९मध्ये त्यांनी तिथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. तिथल्या बायकांची शिक्षणातली आणि संस्था चालवण्यातली धडाडी त्या मनापासून वाखाणतात, इथल्या बायकांच्या अवस्थेशी ती ताडून बघतात. त्याच पुस्तकात काळ्या माणसांना आणि तिथल्या मूळ रहिवाशांना कसं वागवलं जातं तेही त्या लपवत नाहीत. त्या काळी आपल्या देशाकडे बघणारी बहुतेक प्रवासवर्णनं गोऱ्या प्रवाशांची असत. इथे एक मराठी विधवा बाई त्यांच्या देशाकडे बघून निवाडा करत होती. तुलनेची ताकद कळायला नव्याने लिहिणाऱ्याने हे पुस्तक जरूर वाचावं.

सातवी पायरी: बोलणं कोणत्या भाषेत झालं

मराठी प्रवासवर्णनात जगातली सगळी माणसं स्वच्छ पुणेरी मराठी बोलतात, किंवा मग विनोदासाठी मोडकं हिंदी. दोन्ही टाळा. बोलणं कोणत्या भाषेत झालं, मध्ये दुभाषा कोण होतं, हे एकदा सांगून टाका आणि पुढे साध्या मराठीत लिहा. समोरच्याला हिंदी मोडकं येतं म्हणून त्याचा विचार मोडका नसतो. दुभाष्याचंही वजन धरा: वर आजींचा प्रश्न मी सुनेच्या तोंडून ऐकला, तो थोडा मऊ करून सांगितला गेला असेल.

फोटो आणि नावं विचारूनच. घरात ऐकलेली भांडणं, आजारपणं, पैशाच्या गोष्टी कुणी विश्वासाने सांगितल्या असतील तर त्या तिथेच राहू द्या.

शेवटची पायरी: तिथल्या माणसाला वाचून दाखवा

छापण्याआधी लेख जिथला आहे तिथल्या एका तरी माणसाला ऐकवा. मराठी येत नसेल तर तोंडी सांगा, परिच्छेदामागून परिच्छेद. मी तंजावरच्या एका शिक्षकांना फोनवर इंग्रजीत सगळा लेख सांगितला. पाऊण तास लागला. एका गल्लीचं नाव आणि देवळाचं एक दार त्यांनी दुरुस्त केलं. मग थोडं थांबून विचारलं, “यात कावेरी कुठे आहे?”

आठ पानं झाली होती. वाडा होता, ग्रंथालय होतं, आजी होत्या, दगड होते. तो सगळा मुलूख ज्या पाण्यावर उभा आहे ते पाणीच नव्हतं. मी वही काढली. उजव्या पानांवर काहीच सापडलं नाही. एका डाव्या पानावर, पहाटे गाडी स्टेशनाजवळ हळू होत असताना लिहिलेल्या तीन ओळी होत्या: दोन्ही बाजूंना भात, खाचरांत पाणी, बगळे. बांधावर एक माणूस काळी छत्री बंद करून काठीसारखी टेकवत चाललेला. पाट रुळांखालून जातो.

लेख आता तिथून सुरू होतो.